खाडीतला काळा-पिवळा गोबी : वाचकांचे प्रश्न

बंबलबी गोबी या चिमुकल्या माशाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. भुंग्यासारखे काळे-पिवळे आडवे पट्टे, जेमतेम अडीच ते चार सेंटीमीटर लांबी आणि आग्नेय आशियातल्या नदीमुखांत, खारफुटीच्या खाड्यांत, पाणथळीत वस्ती, ही त्याची ओळख. बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : मासे हळूहळू रोडावतात आणि महिना-दीड महिन्यात मरतात. तो दोष बहुतेक वेळा मिठाचा नसतो, अन्नाचा असतो. म्हणून अन्नाच्या उत्तराला इथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, हा मासा गोड्या पाण्यात चालतो. वाचायला मिळते ते असे, की मीठ हवेच. खरे काय धरायचे?

दोन्ही म्हणणी अर्धी-अर्धी खरी आहेत, कारण बंबलबी गोबी हे एकाच जातीचे नाव नाही. ब्रॅकिगोबियस या प्रजातीतल्या निरनिराळ्या जाती याच नावाखाली विकल्या जातात. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांबरोबर वर्णन केलेला नुनस, ब्लीकर यांनी १८४९ मध्ये नोंदवलेला झॅन्थोझोनस, ग्युंटर यांनी १८६८ मध्ये बोर्निओतल्या सारावाकच्या नमुन्यांवरून वर्णन केलेला डोरिए, १९५८ मध्ये इंगर यांनी नोंदवलेला साबानस, असे ते सगळे आहेत. मेकाँग खोऱ्यातला मेकाँगेन्सिस मात्र गोड्या पाण्यातलाच. त्याचे वर्णन २००० साली झाले.

नुसत्या पट्ट्यांवरून जात सांगता येत नाही. त्यासाठी खवल्यांच्या ओळी आणि परांतले किरण मोजावे लागतात, आणि पोहत्या माशावर ते होत नाही. झॅन्थोझोनस अशी चिठ्ठी लावलेला मासा बऱ्याचदा डोरिए किंवा साबानस निघतो. तेव्हा चिठ्ठीवर विसंबू नका. जात ठाऊक नसेल तर पाणी किंचित खारट, कठीण (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असलेले) आणि पीएच ७.५ ते ८.२ च्या आसपासचे ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता, हे खारटपणाचे माप १.००३ धरून चाला. डोरिए कठीण गोड्या पाण्यातही तग धरतो, पण मऊ आणि आम्लधर्मी पाण्यात खाडीतल्या जाती टिकत नाहीत. गोड्या पाण्यात मेले असे ज्यांच्याबद्दल म्हटले जाते, त्यांतल्या अनेकांना पाण्याचा मऊपणा भोवलेला असतो.

मिठाचा उपयोग नेमका काय, हेही समजून घ्या. माशाच्या शरीरातल्या द्रवांचा खारेपणा समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. गोड्या पाण्यात अंगातले क्षार कल्ल्यांवाटे बाहेर झिरपतात आणि पाणी आत शिरते. ते पाणी सतत उपसून टाकायचे आणि क्षार पुन्हा ओढून घ्यायचे, यात माशाची शक्ती जाते. बाहेरचे पाणी थोडे खारट असले की आत-बाहेरचा हा फरक कमी होतो. दुकानातून आलेल्या, आधीच खंगलेल्या माशाला एवढी उसंतही मोठी असते.

प्रश्न : ४० लिटरच्या टाकीत किती मीठ घालू? घरातले मीठ चालेल का?

चालणार नाही. स्वयंपाकाचे मीठ आणि ‘अॅक्वेरियम सॉल्ट’ म्हणून मिळणारे मीठ, दोन्ही म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइड. समुद्री मत्स्यालयासाठी जे मिश्रण मिळते त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच धरून ठेवणारी कार्बोनेटेही असतात. आपल्याला खारटपणाइतकीच त्यांची गरज आहे.

आता हिशोब. ४५ × ३० × ३० सेंटीमीटरच्या टाकीची मापाने क्षमता ४० लिटर भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी ३४ लिटरच्या आसपास उरते. हेच पाणी हिशोबात धरा. १.००३ साठी लिटरमागे सुमारे साडेचार ग्रॅम मिश्रण लागते, १.००५ साठी साडेसात. म्हणजे ३४ लिटरला १.००३ वर आणायला साधारण १५० ग्रॅम.

नवी, रिकामी टाकी असेल तर हे सगळे एकदम विरघळवा. टाकीत गोड्या पाण्यात मासे आधीच असतील, तर तीन आठवड्यांत चढवा आणि दर आठवड्याच्या पाणीबदलातूनच चढवा. दर वेळी ८ लिटर पाणी काढायचे. पहिल्या आठवड्यात नव्या ८ लिटरमध्ये ५० ग्रॅम मिश्रण, दुसऱ्या आठवड्यात ६३ ग्रॅम, तिसऱ्यात ७५. आकडा वाढत जातो, कारण काढलेल्या पाण्याबरोबर आधी घातलेले थोडे मीठही जाते. त्यानंतर नेहमीच्या ८ लिटरच्या बदलाला ३६ ग्रॅम पुरते. मिश्रण बादलीत वेगळे विरघळवा, एअर पंपाचा दगड सोडून काही तास फिरू द्या, पाणी स्वच्छ दिसले की टाकीत हळूहळू ओता. कोरडे मिश्रण टाकीत टाकू नका. तळाशी बसलेल्या माशावर खडे पडले तर त्वचा भाजते.

मासा हा चढउतार सोसतो. खाडीत भरतीबरोबर खारे पाणी येते, ओहोटीत गोडे उतरते, आणि जोराचा पाऊस झाला की काही तास खाडी जवळजवळ गोडी होते. पण फिल्टरमधल्या, अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना इतक्या झपाट्याने जुळवून घेता येत नाही. खारटपणा एकदम चढवला की ते मंदावतात, अमोनिया साचतो आणि दोष मिठावर येतो.

प्रश्न : पाणी आटले की मीठ घालून भर टाकतो, तरी हायड्रोमीटरचा (पाण्याची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) काटा वर वरच जातो.

मीठ उडत नाही, पाणीच उडते. आटलेल्याची भर नेहमी क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याने करा. मिठाचे पाणी फक्त पाणी बदलताना घाला. टाकीच्या कडेला पाण्याची खूण करून ठेवली की भर किती हवी ते रोज कळते. नळाच्या पाण्यात क्लोरामिन असेल तर ते नुसते ठेवून उडत नाही, क्लोरीननाशक लागतेच.

काट्याच्या हायड्रोमीटरचाही दोष असू शकतो. काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. भांडे हलकेच टिचकी मारून बुडबुडे सोडवा, मग वाचा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा मोजणारे उपकरण) वापरत असाल तर आरओ किंवा ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य लावून घ्या. इतक्या कमी खारटपणासाठी तेच योग्य आहे.

प्रश्न : मासे अन्नाकडे बघतही नाहीत. चांगल्या प्रतीचे दाणे घालतो, ते तळाशी पडून राहतात. पोट आत गेले आहे. काय करू?

दाणे बंद करा. आजपासूनच.

हा मासा अन्न वासापेक्षा हालचालीवरून ओळखतो. खाडीच्या तळाशी, मुळांच्या बेचक्यात तो एका जागी बसतो आणि समोरून सरकणाऱ्या झिंगेवर्गी जिवांवर, अळ्यांवर, बारीक किड्यांवर झेप घेतो. झेप छोटी, दोन-तीन अंगुळांची. स्थिर पडलेला दाणा त्याच्या लेखी खडाच असतो. शिवाय गोबी सावकाश खातो. घास समोर आला तरी तो आधी मान वळवून पाहतो, थोडे सरकतो, पुन्हा पाहतो. तेवढ्यात प्रवाहाने अन्न निघून जाते किंवा दुसरा मासा ते पळवतो.

पोट आत गेलेल्या माशाला पहिले दहा दिवस फक्त जिवंत अन्न द्या : ताजी उबवलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंगेवर्गी जिवाची) पिल्ले, ग्रिंडल वर्म किंवा मायक्रोवर्म हे बारीक किडे, चिरून बारीक केलेले ट्युबिफेक्स हे लाल किडे. ट्युबिफेक्स दिलेच तर भरपूर वाहत्या पाण्यात धुऊन द्या. ते घाणीत वाढतात आणि जिवाणू बरोबर आणतात. आमच्या मते आर्टेमिया असेल तर ट्युबिफेक्सच्या वाटेला जाण्याचे कारणच नाही. डासांच्या अळ्या उत्तम, पण माशाच्या तोंडात मावतील एवढ्याच, तीन-चार मिलिमीटरच्या. पाणपिसवा म्हणजे डॅफ्निया निमखाऱ्या पाण्यात लवकर मरतात, म्हणून थोड्या थोड्या घाला.

देण्याची रीत अन्नाइतकीच महत्त्वाची आहे. फिल्टर १५ मिनिटे बंद करा. लांब पिपेटमध्ये अन्न घ्या, टोक माशाच्या तोंडापुढे चार-पाच सेंटीमीटरवर आणा आणि हलक्या दाबाने दोन थेंब सोडा. मग पुढच्या बिळाकडे जा. सगळे अन्न एका जागी ओतले तर दांडगा मासा तिथेच ठाण मांडतो आणि बाकीचे उपाशी राहतात. दिवसातून दोनदा, रोडावलेल्यांना तीनदा. १५ मिनिटांनी उरलेले त्याच पिपेटने ओढून काढा आणि फिल्टर चालू करायला विसरू नका. बंद फिल्टरमधले जिवाणू ऑक्सिजनवाचून काही तासांत मरू लागतात. घड्याळात गजर लावणे हा सोपा उपाय.

खाल्लेले कळते कसे? वरून नाही, बाजूने पाहा. पोट भरलेल्या गोबीचे पोट हनुवटीपासून गोल दिसते, आणि आर्टेमिया खाल्ला असेल तर कातडीतून केशरी झाक दिसते. एकेक मासा असा रोज पाहा. ‘टाकीत अन्न संपले’ म्हणजे ‘सगळ्यांनी खाल्ले’ असे होत नाही.

मासे भरले की गोठवलेल्या अन्नाची सवय लावता येते. गोठवलेला सायक्लॉप्स (सूक्ष्म झिंगेवर्गी जीव) किंवा चिरलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) गाळणीत धुऊन जिवंत आर्टेमियात मिसळा, सुरुवातीला पाव हिस्सा. पिपेटने सोडल्यावर बुडता-बुडता जे हलते, तेवढ्यातच मासा झडप घालतो. दोन-तीन आठवड्यांत हिस्सा वाढवत न्या. काही मासे गोठवलेले कधीच घेत नाहीत. त्यांना जिवंत अन्नच द्यावे लागते, आणि ते जमणार नसेल तर हा मासा आणूच नये असे स्पष्ट सांगतो.

नीट खाऊनही पोट आतच राहिले, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी दिसली, तर पोटातले जंत असण्याचा संभव धरा. बाजारात येणारे यांतले बरेच मासे निसर्गातून पकडलेले असतात. जंतनाशक वेगळ्या टाकीत, माशांच्या जाणकार पशुवैद्याला विचारून द्या.

प्रश्न : आर्टेमिया घरी उबवायचा तर नेमके माप काय?

दीड-दोन लिटरची प्लास्टिकची बाटली उलटी धरून तळ कापा, म्हणजे निमुळते तोंड खाली येते. त्यात एक लिटर पाणी आणि २५ ग्रॅम मीठ घाला. इथे आयोडीनविरहित साधे मीठ चालते, त्याबरोबर चिमूटभर खायचा सोडा घालून पीएच ८ च्या वर ठेवा. अंडी पाव चहाचा चमचा. एअर पंपाची नळी अगदी टोकापर्यंत सोडा आणि पाणी उकळल्यासारखे घुसळू द्या, कारण तळाशी बसलेली अंडी उबत नाहीत. तापमान २६ ते २८ अंश, वर दिवा सतत. १८ ते ३० तासांत केशरी ठिपके पोहू लागतात.

मग हवा बंद करा, दहा मिनिटे थांबा. रिकामी टरफले वर तरंगतात, पिल्ले खाली जमतात. खालून नळीने ती बारीक गाळणीत ओढा आणि गोड्या पाण्याने धुवा. टरफले बरोबर येऊ देऊ नका. ती पचत नाहीत आणि लहान माशाच्या आतड्यात अडकतात. पिल्लांच्या अंगातला पोषक बलक पहिल्या काही तासांतच संपू लागतो, तेव्हा उबल्यावर लगेच खायला घाला. दोन बाटल्या एक दिवसाच्या अंतराने लावल्या की रोज ताजे अन्न मिळते.

निमखाऱ्या टाकीचा मोठा फायदा इथे दिसतो. गोड्या पाण्यात ही पिल्ले काही तासांत मरून तळाशी सडतात. तुमच्या टाकीत ती बराच वेळ पोहत राहतात, म्हणून सावकाश खाणाऱ्या माशालाही त्याचा वाटा मिळतो.

प्रश्न : तीन मासे आणले. एकाने दोघांना कोपऱ्यात कोंडून ठेवले आहे. एकेकटे ठेवू का?

उलट करा, संख्या वाढवा. ३४ लिटर पाण्यात आठ ते दहा मासे ठेवले की कुणा एकालाच सगळा मार बसत नाही. तिघांत मात्र एक मालक होतो आणि उरलेले दोघे सतत पळत राहतात. अर्थात फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू आधी नीट जमलेले हवेत.

बिळे माशांपेक्षा जास्त हवीत. आठ मासे असतील तर बारा तरी. रिकामे शंख, बार्नॅकलची कवचे, १२ ते १५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपचे चार-पाच सेंटीमीटरचे तुकडे, एका टोकाला बंद असलेले बांबूचे पेर. त्यांची तोंडे एकमेकांसमोर येणार नाहीत अशी वळवा, मधे दगड किंवा लाकडाच्या मुळ्या उभ्या करा. भांडण डोळ्यांवर चालते. समोरचा दिसला नाही की बरेचसे शमते. तळाला बारीक वाळूचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर द्या. त्यात थोडी प्रवाळाची वाळू मिसळली की पीएच खाली घसरत नाही. लाकूड पाण्यात आम्ल सोडते, त्याला ती उतारा ठरते.

प्रश्न : काचेला चिकटून तासन्‌तास बसतो. आजारी आहे का?

नाही. त्याचे पोटाखालचे दोन पर जोडले जाऊन वाटीसारखी चकती झालेली असते. ती चिकटवून तो मुळांवर, दगडांवर बसतो, नाहीतर ओहोटीचा ओढ त्याला वाहून नेईल. पाण्यात तरंगत राहणे हा त्याचा स्वभावच नव्हे. थोडे पोहायचे आणि पुन्हा टेकायचे, हीच त्याची रीत.

काळजी करण्याजोगी खूण वेगळी आहे. मासा सतत पृष्ठभागाशी चिकटून जोरजोराने कल्ले हलवत असेल, तर ऑक्सिजन कमी पडतोय किंवा अमोनिया चढलाय. लगेच तपासा. पीएच जितका जास्त तितका अमोनिया घातक. गोड्या पाण्यात २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्क्याहून थोडा जास्त भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला हाच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून आपल्या टाकीत चाचणीवर अमोनियाचा हलका रंगही चालवून घेऊ नका. तिसरा हिस्सा पाणी, त्याच खारटपणाचे आणि त्याच तापमानाचे, बदला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

प्रश्न : हा निवट्याचा बच्चा आहे का?

नाही, पण नात्यातला आहे. हल्लीच्या वर्गीकरणात ब्रॅकिगोबियस आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे एकाच ऑक्सुडर्सिडे कुळात धरतात. निवट्याला पाण्याबाहेर चढायला जागा लागते, याला नाही. याच खारफुटीत याच्याहूनही छोटा गोबी राहतो, पॅन्डाका पिग्मिया. अल्बर्ट हेर यांनी १९२७ साली फिलिपीन्समधून त्याचे वर्णन केले. त्याचा पूर्ण वाढलेला नर जेमतेम एक सेंटीमीटरचा.

प्रश्न : सोबतीला मॉली, स्कॅट, फिगर-एट पफर यांपैकी काय ठेवू?

यांपैकी काहीच नको. मॉली गोबीच्या आधी अन्न संपवतात. स्कॅट वितीएवढे वाढतात. पफर पर कुरतडतो. हा मासा एकट्या जातीच्या टाकीतच सर्वांत चांगला राहतो, आणि तिथेच त्याचे खरे वागणे दिसते. सोबत हवीच असेल तर नेराइट गोगलगाय ठेवा. ती काचेवरचे शेवाळ खाते आणि हलक्या खाऱ्या पाण्यात ठीक राहते. मोठ्या टाकीत पृष्ठभागाशी राहणारे छोटे हाफबीक जमू शकतात, पण दोघांना वेगवेगळे खायला घालायची तयारी हवी.

प्रश्न : झाडे कुजतात. १.००५ वर कोणती टिकतात?

लाकडाला बांधलेले जावा फर्न आणि अॅन्युबियस एवढा खारटपणा बहुधा सोसतात, तेही हळूहळू चढवला तर. क्रिप्टोकोरिन सिलियाटा ही मुळात नदीमुखांच्या दलदलीतली, तीही लावून पाहा. १.००३ वर पर्याय वाढतात, जावा मॉसही जगते.

प्रश्न : पट्टे कधी फिके, कधी काळेशार होतात.

रात्री, प्रवासानंतर आणि घाबरल्यावर फिके पडतात. भांडताना गडद होतात. दिवसभर फिका राहणारा मासा पाहिला की आधी पाणी तपासा, मग त्याला कुणी छळतेय का पाहा. फिकटपणाच्या जोडीला अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसली आणि मासा वाळूवर अंग घासत असेल तर तो मखमली रोग. टाकीवर प्रकाश कमी करा, मासे वेगळ्या टाकीत हलवून औषध करा. तांबेयुक्त औषध मुख्य टाकीत घातले तर गोगलगाई मरतात, आणि ते वाळूत-दगडांत मुरून राहते.

प्रश्न : दहा दिवस बाहेर जायचे आहे.

भरल्या पोटाचे वाढलेले मासे चार-पाच दिवस अन्नावाचून काढतात. दहा दिवस नाही. तळाशी विरघळणाऱ्या सुट्टीच्या वड्या इथे निरुपयोगी, त्या फक्त पाणी खराब करतात. कुणाला तरी पिपेट हातात देऊन तीन-चारदा आधी करून दाखवा आणि गोठवलेल्या अन्नाचे एकेका वेळेचे तुकडे कापून ठेवा. मासे अजून जिवंत अन्नावरच असतील तर ग्रिंडल वर्मचा डबा सांभाळायला सगळ्यांत सोपा.

प्रश्न : पाइपात अंडी दिसली, चौथ्या दिवशी नाहीशी झाली. नराने खाल्ली का?

खाल्लीही असतील, पण चौथा-पाचवा दिवस म्हणजे अंडी फुटण्याचाच. २७-२८ अंशांना साधारण तेवढाच वेळ लागतो. पिल्ले दोन-तीन मिलिमीटरची आणि काचेसारखी पारदर्शक असतात. ती बाहेर पडली आणि फिल्टरने ओढली किंवा मोठ्यांनी गिळली तर मागे काहीच दिसत नाही.

मादी गाभोळीने भरली की पोट पिवळट आणि रुंद दिसते. दोन-तीन आठवडे भरपूर जिवंत अन्न दिल्यावर, एका पाणीबदलाला नेहमीपेक्षा कमी खारट आणि एखादा अंश थंड पाणी घातले की जोडी बऱ्याचदा अंडी घालते. पावसाने खाडी गोडावते, त्याचीच ही नक्कल. मादी पाइपाच्या किंवा शंखाच्या आतल्या छताला अंडी चिकटवते, एका वेळी शंभर-दोनशे. त्यानंतर ती निघून जाते. नर मागे राहतो आणि परांनी वारा घालत अंडी राखतो. त्याला त्रास दिला, वारंवार दिवा मारून पाहिले, की तो अंडी खातो किंवा सोडून जातो.

पुढच्या वेळी असे करा. अंडी दिसल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाइप पाण्यातच एका वाटीत घ्या आणि दहा लिटरच्या वेगळ्या टाकीत न्या. पाणी त्याच टाकीतले भरा. पाइप हवेत उचलू नका, अंडी वाळतात आणि छतावरून सुटतात. नर आत असेल तर त्याला हलकेच बाहेर काढा. मग त्याचे काम आपल्याला करायचे आहे : एअर दगड पाइपाच्या तोंडाशी असा ठेवा की बुडबुडे अंड्यांना न लागता पाणी मात्र आतून फिरेल. पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात. त्यांच्यावरची बुरशी शेजारच्यांना धरते, म्हणून ती पिपेटने उचलून टाका.

सर्वांत जास्त पिल्ले इथून पुढे मरतात. त्यांचे तोंड इतके लहान असते की आर्टेमियाचे पिल्लूही मोठे पडते. ते जवळपास अर्धा मिलिमीटरचे असते, तर रोटिफर हा सूक्ष्म पाणजीव ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा. म्हणून ब्रॅकिओनस रोटिफरचे विरजण अंडी पडण्याच्या आधी दोन आठवडे तयार हवे. पिल्ले फुटल्यावर शोधायला निघालात तर उशीर होतो. हे रोटिफर हलक्या खाऱ्या पाण्यात जगतात, पिल्लांच्या टाकीत मरून पडत नाहीत. पाण्याला हिरवी झाक येईल इतके सूक्ष्म शेवाळ त्या टाकीत ठेवा, म्हणजे रोटिफरलाही अन्न मिळते.

पहिल्या आठवड्यात फिल्टर नको, फक्त अगदी हळू बुडबुडे. रोज तळ पिपेटने साफ करा आणि अर्धा लिटर पाणी थेंबाथेंबाने बदला. आठवडा-दहा दिवसांनी रोटिफरबरोबर थोडी आर्टेमियाची पिल्ले सोडा आणि भिंगाने पाहा : ज्यांची पोटे केशरी झाली, ती आता मोठ्या अन्नावर आली. बाकीच्यांसाठी रोटिफर चालू ठेवा. सुरुवातीला सगळी पिल्ले पाण्याच्या मधल्या-वरच्या थरात असतात. सेंटीमीटरभर झाली की एकेक करून तळाला बसू लागतात आणि पट्टे उमटतात. त्या दिवसापासून शंख-शिंपल्यांची बिळे त्यांच्या टाकीतही ठेवा, कारण तळाला टेकलेला एवढासा गोबीही शेजाऱ्याला हाकलू लागतो.